कांडी पडल्याचा आवाज

संपत, काल दुपारी पुन्हा कांडी पडली.

मी बाहेरच्या खोलीत ब्लाउजला हुक लावत बसले होते. आतल्या खोलीत लाकूड फरशीवर आपटलं, दोनदा उडालं आणि घरंगळत कपाटाच्या पायाशी जाऊन थांबलं. अगदी तसंच. मी हातातलं टाकून आत धावले. आत कोणी नाही, फरशी रिकामी, कपाट बंद. तुला जाऊन चोवीस दिवस झाले आणि हे असं पाचव्यांदा झालं. शेजारच्या काकू म्हणतात, एकटं राहिलं की होतं असं, चार दिवस माझ्याकडे झोपायला ये. त्यांना काय सांगणार? कांडी पडली की जिथं असेन तिथं थांबायचं, ही माझ्या कानाला बावीस वर्षांची सवय आहे. आता काय थांबवू, ते मला कळत नाही.

चारचौघांत मी तुला अहो म्हणायचे आणि घरात तू. इथं कोणी ऐकत नाही, म्हणून तूच म्हणते. आणि आज भांडणार आहे तुझ्याशी, आधीच सांगून ठेवते.

तुला आठवतं, औंधहून परत येताना एसटीत तू खिडकीकडं तोंड करून म्हणालास, "रेखे, एक सांगायचं हाय. हसणार न्हाईस ना?" लग्नाला दोन वर्षं झाली होती. मला वाटलं, झालं, याचं बाहेर कुठंतरी आहे. मी पिशवी मांडीवर आवळून धरली. मग तू अडखळत, अर्धं गिळत सांगितलंस की तुला मार हवासा वाटतो, माझ्या हातचा, फक्त माझ्या हातचा. आधी मला हायसं वाटलं. मग वाटलं, बाहेर कोणी असती तर बरं झालं असतं, निदान ठणकावून भांडता तरी आलं असतं. यावर भांडायचं तरी कसं? मी माधवनगर येईपर्यंत पिशवीच्या बंदाला गाठी मारत-सोडवत राहिले आणि तू पुसेसावळीपासून घाम पुसत बसलास.

पहिल्या वेळी आपण किती वेडे होतो. तुझा कमरेचा पट्टा घेतला. कुठं मारायचं नि कुठं नाही, हे मला कोण शिकवणार? एक फटका बरगड्यांच्या खाली, पाठीमागून बसला. तू दात आवळून गप्प राहिलास. मला वाटलं, ठीक आहे. दोन दिवस तुला लघवीला लाल होत होतं आणि तेही तू मला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सांगितलंस. डॉक्टरांना सायकलवरून पडलो म्हणून थाप मारलीस. ते म्हणाले, मूत्रपिंडाला मार लागलाय, थोडक्यात वाचलात. घरी आल्यावर मी पट्टा उंबऱ्याबाहेर फेकला आणि रडत ओरडले, "दुखलं तर बोलायचं नाही का?" तू म्हणालास, "आमच्या घरात दुखतंय म्हणायची पद्धतच न्हाई." ते खरंच होतं. तुझे वडील फौजेत, थोरले भाऊ अण्णा फौजेत. तू एकटाच सूतगिरणीत आणि मग पॉवरलूमवर आलास, पण गप्प बसायचं तेवढं घरातून घेऊन आलास.

महिनाभर आपण त्या विषयाला हात लावला नाही. मग एक दिवस तू कारखान्यातून टाकाऊ सुताचा पिंडा आणलास. ओट्यापाशी बसून पट्ट्याऐवजी मारायला त्याचा गोंडा वळलास, मऊ, जाड, धुता येईल असा, एकही गाठ टोकाला नाही. मी कपडे शिवणारी बाई, माणसाचं अंग मापानं ओळखते. मी तुझ्या पाठीवर खडूनं रेषा मारल्या. हे खांद्याचं मांस, इथं चालेल. हा मणका, इथं नाही. मानेला नाही, बरगड्यांखाली तर कधीच नाही. गुदगुल्या होतात म्हणून तू हसत होतास आणि मी दटावत होते की हलू नकोस, रेघ वाकडी जाते. राग आलेला असताना हात उचलायचा नाही, हा माझा नियम. थेंबभरही प्यायलेला असताना नाही, हा तुझा. आणि सुरू करण्याआधी दर वेळी मी विचारणार, "अंगात काही होतंय का? खरं सांग." तू खरं सांगणार. मधे मी विचारणार, दहातलं किती? तू आकडा सांगायचा. सातच्या पुढं जायचं नाही.

पण तुझ्या तोंडून ऐन वेळी शब्द फुटेना. आकडासुद्धा घशात अडकायचा. तेव्हा कांडीची युक्ती तूच काढलीस. बाण्याचं, म्हणजे आडवं, सूत ज्या लाकडी कांडीवर गुंडाळून मागावर इकडून तिकडं पळणाऱ्या धोट्यात बसवतात, त्यातली एक रिकामी कांडी तू घरी आणलीस. "ही माझ्या मुठीत राहील," म्हणालास. "पडली की थांबायचं. धागा तुटला की माग आपसूक उभा ऱ्हातो, बग. का तुटलास म्हणून धाग्याला इचारत न्हाई. तसंच करायचं." तू जॉबर होतास, बिघडलेले माग दुरुस्त करणारा. तुला तुझ्या कामातूनच सगळं सुचायचं.

सुट्टीच्या दिवशी दुपारी दार लावायचं. नंतर कोमट पाण्यानं पाठ पुसायची, खोबरेल लावायचं, गूळ-पाणी द्यायचं. तू माझ्या मांडीवर डोकं ठेवून तासभर झोपायचास आणि मी पंख्याखाली बसून तुझा श्वास बघायचे. का हवं असतं तुला हे, असं मी एकदाच विचारलं. तू म्हणालास, आठवडाभर माग डोक्यात चालू राहतात, तेवढ्या वेळात बंद होतात. मला ते उत्तर पटलं. पुन्हा विचारलं नाही.

आपलं खरं भांडण राहिलं ते त्या कागदाचं. सात-आठ वर्षांमागं तू वहीच्या पानावर लिहिलंस की हे जे काही आहे ते माझ्या मर्जीनं आहे, माझ्या बायकोला कोणी दोष देऊ नये. खाली सही केलीस. "उद्या मला काय झालं तर लोक तुला खातील," म्हणालास. अण्णांना तरी एकदा सांगून टाकू, असंही म्हणालास. मी भडकले. कागद कोणाच्या हाती लागला तर गावात तोंड दाखवायला जागा राहील का? मी तो पाणी तापवायच्या बंबात घातला. तू दोन दिवस जेवताना माझ्याकडे बघितलं नाहीस. तुझं बरोबर होतं, संपत. हे मी तुझ्या तोंडावर कधीच म्हणाले नसते, पण तुझं बरोबर होतं.

आता माझ्या भांडणाकडे येते.

शेवटच्या सुट्टीला मी नेहमीसारखं विचारलं, अंगात काही होतंय का, खरं सांग. तू म्हणालास, काही नाही. उलट त्या दिवशी तू आणखी मागितलंस. मी आकडा विचारला, तू चार म्हणालास. खांद्यांवर वण उठले, नेहमीपेक्षा जास्त. मी तेल लावलं. चार दिवसांनी दुपारी तू कारखान्यात कोसळलास. तिथं माग चालवणाऱ्या बिरूनं आणि दुसऱ्या एकानं तुला रिक्षात घालून सांगलीला दवाखान्यात नेलं. मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं. नर्सनं तुझा शर्ट माझ्या हातात दिला. खिशात पित्ताच्या गोळ्यांचं पाकीट होतं, अर्ध्याहून जास्त रिकामं.

तिथल्या डॉक्टरबाईंनी मला बाजूला घेतलं. तरुण होत्या, पण नजर करडी. म्हणाल्या, "पाठीवर वण आहेत. घरात यांना कोणी मारतं का?" मी त्यांना सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं, तेही ओल्या फिनेलचा वास येणाऱ्या जिन्यात उभं राहून. त्यांनी मान खाली घालून ऐकलं आणि म्हणाल्या, "त्या वणांनी हे झालेलं नाही. हृदयाचा झटका आहे, हे बरेच दिवस आत साठत आलेलं असतं." मग पाकिटाकडे बघून विचारलं, "पण छातीत जळजळतंय हे त्यांनी तुम्हाला सांगितलं नव्हतं?"

नाही सांगितलं. दोन आठवडे गोळ्या खात होतास आणि मला म्हणालास, काही नाही. तू खरं बोलला असतास तर मी गोंडा खाली ठेवला असता आणि त्याच दुपारी तुला रिक्षात कोंबून दवाखान्यात नेलं असतं. त्यासाठीच तर तो प्रश्न होता, गाढवा! बावीस वर्षांत तू एकदाच नियम मोडलास आणि तो नेमका तेव्हा मोडलास. एक सुट्टी वाया जाऊ नये म्हणून? की पुन्हा ते तुमच्या घरातलं गप्प बसणं? मला तुझा इतका राग येतो की कधीकधी तुझ्या फोटोकडे पाठ करून जेवते.

तुला गावी नेलं. मूल नाही आपल्याला, म्हणून सगळं अण्णांनीच केलं. अंगणात पुरुषांनी तुला अंघोळ घातली. मी दारातून बघत होते. तुला कुशीवर वळवलं आणि अण्णांचा तांब्या हातातच राहिला. त्यांनी पटकन धोतर ओढून तुझी पाठ झाकली आणि वर बघितलं, माझ्याकडे नाही, गर्दीकडे. मी तेव्हाच ओळखलं की हे कोणाला तरी शोधतायत.

बिरू कोळेकर. महिन्यामागं तू मागात हात घातलेला असताना बिरूनं न बघता बटण दाबलं होतं. हात थोडक्यात वाचला. तू त्याच्या कानाखाली वाजवलीस, त्यानं तुझी कॉलर धरली. हे तू अण्णांना फोनवर रंगवून सांगितलंस. तिसऱ्या दिवशी तुम्ही दोघं एका बशीत भजी खात होतात, तेवढं सांगायला विसरलास.

दहाव्याला ओढ्याकाठी पिंड ठेवले. तासभर कावळा शिवेना. चार कावळे बाभळीवर बसलेले, खाली एकही येईना. अण्णांनी हात जोडले, "संपा, आईचं आमी बगतो." नाही. "रेखाला अंतर देणार न्हाई." नाही. लोक कुजबुजायला लागले, जीव कशात तरी अडकलाय. मग अण्णा मोठ्यानं, फौजी आवाजात म्हणाले, "तुज्या पाठीवर ज्यानं हात टाकला त्येला म्या सोडत न्हाई!" आणि कावळा उतरला. सरळ पिंडावर. लोकांच्या तोंडून एकदम हं निघालं. अण्णा रडायला लागले. कावळ्यानंच निकाल दिला म्हटल्यावर त्यांना आणखी पुरावा कशाला हवा? संध्याकाळपर्यंत बिरूचं नाव पाच घरांत झालं होतं.

मी बायकांमध्ये बसून होते, पदर तोंडावर घेऊन. माझ्या आत एक भयंकर हसू आलं होतं, संपत. अण्णांनी सगळ्या गावादेखत शपथ घेतली होती ती माझ्याविरुद्ध.

तेरावं झाल्यावर अण्णा गाडी काढून सांगलीला निघाले, आधी माधवनगरला मला सोडायचं आणि मग पोलिसात जायचं. मी पुढं बसले. पुसेसावळी गेली, विटा आलं. मी मनात सारखी तीच उजळणी करत होते. गप्प बसले तर बिरूला चौकीवर बोलावतील, त्याच्या घरी बायको आणि दोन शाळेतल्या पोरी आहेत. बोलले तर अण्णा मला याच रस्त्यावर उतरवतील आणि सासूबाई मरेपर्यंत माझं तोंड बघणार नाहीत. बंबात घातलेला तो कागद डोळ्यांपुढं जळत होता. तासगावच्या अलीकडं मी म्हणाले, "अण्णा, गाडी जरा बाजूला घ्या."

"काय झालं? मळमळतंय का?"

"कावळा चुकला, अण्णा."

त्यांनी गाडी बंद केली. मी समोर काचेकडे बघत म्हणाले, "ते हात माझे होते."

बाजूनं द्राक्षांच्या बागांकडे जाणारा ट्रॅक्टर गेला. मग अण्णा म्हणाले, "तू मारत हुतीस त्येला? नवऱ्याला?"

"त्यांना हवं होतं. बावीस वर्षं. त्यांच्या मर्जीनं." मी सांगत गेले. खडूच्या रेषा, गोंडा, तेल, विचारायचे प्रश्न. माझा आवाज माझा मलाच ऐकू येत नव्हता. अण्णा दार उघडून खाली उतरले आणि पाठ करून उभे राहिले. मला वाटलं, आता संपलं.

ते तसेच पाठमोरे म्हणाले, "आन त्येला नगं झालं म्हंजे?"

"हातात कांडी असायची. टाकली की मी थांबायचे."

"किती येळा टाकली?"

"चार वेळा. चारही वेळा थांबले. एकदा तर नुसती घामानं निसटली होती, तरी थांबले."

अण्णा वळले. त्यांचे डोळे लाल होते. "ल्हानपनी आंब्यावरनं पडून त्येचा हात मोडला हुता. दोन दिस कुणाला बोलला न्हाई. तिसऱ्या दिशी मला हात सुजल्याला दिसला. दुखतंय म्हून त्यो आमाला कवाच बोलला न्हाई, रेखा. तुला सांगत हुता?"

"आकड्यात सांगायचे," मी म्हणाले. मग खरं तेच बोलायचं होतं म्हणून पुढं म्हणाले, "शेवटचं मात्र नाही सांगितलं."

ते गाडीच्या बॉनेटला टेकून रडले. मी खाली उतरले नाही, मला उतरता आलं नाही. नंतर येऊन बसले आणि किल्ली फिरवायच्या आधी म्हणाले, "ह्ये मला समजत न्हाई. समजंल असं बी वाटत न्हाई. आईच्या कानावर घालू नगं. गावाला म्या सांगतो, माजी चूक झाली म्हून." आणि थोड्या वेळानं, "बिऱ्याकडं चल."

बिरू कारखान्याच्या फाटकाशी आला, अंगभर कापसाचे तंतू. अण्णांनी त्याला एकदम हात जोडले. तो बिचारा गांगरला. "आवं, ह्ये काय करतायसा? म्या काय केलं? पाच मिंट उशीर झाला रिक्षा मिळायला, त्येवढंच." त्याला वाटलं, आम्ही त्याचे आभार मानायला आलोय. आम्ही तसंच समजू दिलं. अण्णांनी त्याचा हात बराच वेळ सोडला नाही.

मग बिरूनं पिशवीतून रुमालात बांधलेलं काहीतरी काढलं. "वयनी, ह्ये तुमाला द्यायचं ऱ्हायलं हुतं. त्येच्या हातातली. चाळीस माग चालू, आत कुणाला कुणाचं ऐकू येतंय? माज्या पायाशी घरंगळत आली म्हून म्या उचलली. मनात म्हटलं, संपतच्या हातनं कांडी कशी पडली? कवा पडत न्हाई. आन म्हागं वळून बगितलं, तर त्यो खाली."

मी ती घेतली. तुझ्या कारखान्याची, टोकाला पितळेची कडी असलेली कांडी. घरी येईपर्यंत ती मुठीत होती.

संपत, मूठ सुटली म्हणून पडली की तू सोडलीस? ती हातात आल्यापासून हे मला झोपू देत नाही. चाळीस मागांच्या आवाजात तुझ्या तोंडून हाक निघाली नसती, तेव्हा तू तुला येत होतं तेच केलंस का? पाच कोसांवर असते तरी मी ऐकलं असतं, असं मी स्वतःला सांगते. खोटं आहे ते. घर कारखान्यापासून तीन गल्ल्यांवर आहे आणि त्या वेळी मी मशीनवर बसून रेडिओ ऐकत होते. मला काही ऐकू आलं नाही.

आणखी एक. मी नेहमी असं दाखवलं की तुझ्यासाठी करते, बाई माणसाला कशाला असलं काही. तू त्यासाठी माझे उपकार मानायचास आणि मी मानू द्यायचे. ते खरं नव्हतं. मला ते आवडायचं. कोणापुढं न वाकणारा माणूस पाठ माझ्याकडे करून डोळे मिटायचा, आणि सगळं घर त्या एका मुठीकडे लक्ष देऊन असायचं. तेवढं नीट मी आयुष्यात दुसरं काही केलं नाही. खरं सांग, असं तुला दर वेळी बजावणारी मी, स्वतः मात्र हे तुझ्यापासून लपवून बसले. म्हणजे तू एकटाच खोटा नाहीस.

आज दुपारी कपाट उघडलं. गोंडा धुवून वाळवून ठेवलाय. आपली जुनी कांडी आहे, शेजारी बिरूनं दिलेली. मी बिरूनं दिलेली उचलली आणि दार लावून तुझ्या जागेवर बसले, भिंतीकडं तोंड करून. इतक्या वर्षांत मी तिथं कधी बसले नव्हते. कांडी मुठीत धरून बघितली. तुझ्या बोटांनी लाकूड गुळगुळीत झालंय. मग मला विचारायला तू नाहीस, म्हणून मीच मोठ्यानं विचारलं, अंगात काही होतंय का, खरं सांग.

आणि मूठ उघडली. कांडी आपटली, दोनदा उडाली, कपाटापाशी गेली. कोणी धावत आलं नाही.

होतंय, संपत. लय होतंय.